मोटेवरचं आडवं लाकूड

मोठीबाईचं नाव आधी लिहिते, बाकीचं मागाहून. ती माझी थोरली जाऊ. तिनं मला भाकरी थापायला शिकवलं आणि आजारपणात माझं डोकं मांडीवर घेतलं, पण तेवढ्यासाठी नाव आधी लिहीत नाही. तसं करणारी माणसं आयुष्यात आणखीही भेटली. तिनं एकदा माझ्या एका शब्दावर, तोही मी धड खात्रीनं उच्चारला नव्हता, आपलं वर्षातलं एकच सुख काढून दिलं. ते देताना ‘तुले नक्की माहीत आहे का?’ एवढंसुद्धा विचारलं नाही. आता मी नागपुरात मुलाकडे राहते. गुडघे थकलेत, जिना उतरायचा म्हटलं की दुपार जाते. नातवाच्या टेबलावर लाकडाचा नुसता छापील कागद चिकटवलेला आहे. त्यावरून हात फिरवला की काहीच लागत नाही, ना रेघ ना गाठ. तेव्हा मला इंझोरीची विहीर आठवते, आणि हे लिहायचं राहून गेलं याची टोचणी लागते.

माझं माहेर चांद्याकडचं, बल्लारशाच्या जंगलाजवळ. माझे बाबा लाकडं चिरायचे. खड्ड्यावर ओंडका आडवा टाकायचा, एक माणूस वर, एक खाली, आणि मधे लांब करवत. तिसरीत असताना आई गेली आणि माझी शाळा सुटली. बाबांची भाकर कोण करणार? खरं तर भात, आमच्याकडे भातच. दुपारी डबा घेऊन जायची ती संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहायची, कारण घरी एकटीला भीती वाटे. भुशाच्या ढिगावर बसून मी लाकडं शिकले. ‘शिकले’ हा मोठा शब्द झाला. बाबांचा एक चाळा होता. नवा ओंडका आला की ते त्याच्या कापलेल्या तोंडाला थुंकी लावून बोटानं पुसायचे आणि मला म्हणायचे, “बघ, कोण आला?” जणू पाहुणाच दारात उभा आहे. लाकडाचं पोट फसवतं, तोंड फसवत नाही, असं त्यांचं म्हणणं. पोटाला ऊन लागतं, तेल लागतं, धूळ बसते, रंग बदलतो. कापलेलं तोंड ओलं केलं की आतली भोकं दिसतात. कुठं मोहरीएवढी, कुठं सुईनं टोचल्यासारखी, कुठं डोळ्याला न दिसणारी. सागाला त्यांच्या ओळी असतात, वर्षाला एक. बिजा पाण्यात टाकला की पाणी निळसर होतं. धावडा सगळ्यांत चिवट, त्याचं तोंड गुळगुळीत, बैलाच्या शिंगासारखं. कितीही डोळे ताणा, भोक सापडायचं नाही. मी चुकले की बाबा रागावत नसत. नुसते हसून पुढचा ओंडका दाखवत. मी बरेचदा चुकत असे, हे इथंच सांगून ठेवते.

लग्न ठरलं ते बाबांच्या ओळखीतल्या एका वऱ्हाडी गाडीवानाच्या शब्दावर. वर्धा, बडनेरा, मूर्तिजापूर अशा गाड्या बदलत, मग छोट्या गाडीनं कारंजा, आणि तिथून बैलगाडी. त्या छोट्या गाडीच्या खिडकीतून मी झाडं मोजत होते, आणि ती कमी कमी होत गेली. इंझोरीला पोचले तेव्हा चहूकडे काळं मोकळं रान आणि कुठंतरी बाभळी. एवढं आभाळ मी आधी पाहिलं नव्हतं. मला ते अंगावर आल्यासारखं वाटे.

घरात सासरे होते, त्यांना मामाजी म्हणायचं. ते खोकत ओसरीवर बसलेले असत. सासूला आत्याबाई. थोरले दीर म्हणजे भासरे. त्यांच्यासमोर धाकट्या भावाच्या बायकोनं उभं राहायचं नाही, बोलायचं तर नाहीच. माझे मालक अबोल, बैलांशी जेवढं बोलत तेवढंही माझ्याशी बोलत नसत. पण वाईट नव्हते. आणि मोठीबाई. उंच, सावळी, गालावर गोंदणाचे तीन ठिपके, आणि चालताना पैंजण नसतानाही वाजल्यासारखी वाटणारी. मला ज्वारीची भाकर थापता येईना. हातावर फिरवली की चिरे आणि तव्यात टाकली की दोन तुकडे. आत्याबाई म्हणायच्या, “झाडीतून आणली नं पोरगी, भातखाऊ. तिच्या भाकरीले आधी दोर बांधा, मंग ताटात वाढा.” सगळे हसत. मोठीबाई पण हसे, पण दुसऱ्या दिवशी पहाटे जातं थांबवून माझ्या हातात गोळा देई आणि म्हणे, “पाणी कढत घे वं. पीठ भाजलं पाहिजे, तू नाई.” महिनाभर माझ्या वाटच्या भाकरी तिनंच थापल्या आणि माझ्या म्हणून वाढल्या. आत्याबाईंना ते कळत होतं असं मला आता वाटतं.

मोठीबाईचं माहेर पोहरादेवीच्या अलीकडच्या एका वाडीत. वर्षातून एकदा, रामनवमीच्या जत्रेला, ती माहेरी जाई. तिच्या बापानं लग्नात तिला रेंगी दिली होती, हलकी, छपराची, दोनच माणसांची गाडी. तिचा आख, म्हणजे दोन चाकांमधला आडवा दांडा, धावड्याचा होता. फाल्गुन लागला की मोठीबाई त्या रेंगीला झाडू-पुसू लागे, चाकांना तेल घाली, आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं गुणगुणे. तिची आई म्हातारी होती. “ते वाटेवर बसते,” मोठीबाई मला सांगे, “जत्रेच्या दोन दिवस आधीपासून बसते. लोक विचारतात, म्हातारे, कायले बसली? तं म्हणते, सावलीले. अन् तिथं सावली नाई.”

माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडावर विहिरीवरचं आडवं लाकूड तडकलं. ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. विहिरीच्या काठाला दोन खांब, त्यांवर एक आडवं लाकूड, त्याला चाक, चाकावरून दोर. दोराच्या एका टोकाला कातड्याची मोट, दुसऱ्या टोकाला बैल. बैल उतारावरून खाली गेले की मोट भरून वर येते. बैल हाकणारा माणूस उतरताना त्या ताणलेल्या दोरावरच बसतो, म्हणजे त्याचं वजनही कामाला येतं. सगळा भार त्या आडव्या लाकडावर. आमच्याकडे दोरावर माझे मालक बसत. गव्हाला शेवटचं पाणी द्यायचं होतं आणि खाली मिरची उभी होती. भासरे कारंज्याच्या बाजारातून नवं लाकूड घेऊन आले. धावडा आहे, म्हणाले. विकणाऱ्यानं तसंच सांगितलं होतं, आणि त्यालाही तसंच सांगितलेलं असेल. गावचा वाढई, म्हणजे सुतार, तापानं अंथरुणाला खिळला होता, म्हणून भासऱ्यांनीच ते तासलं. बसवण्याआधी आत्याबाईंनी त्याला तेल आणि हळद चोपडली, कुंकू लावलं, नारळ फोडला. आमच्याकडे विहिरीवर चढणारं लाकूड नवरीसारखं हळद लावूनच चढतं. सगळं पोट पिवळंधमक झालं.

न्याहारी घेऊन मी मळ्यात गेले तेव्हा मोट सुरू होती. चाकाची ती लांब कुरकुर, जी ऐकतच आमचा दिवस सरे, त्या दिवशी जरा वेगळी वाटली, पण नवं लाकूड म्हणून असेल. मी काठाला खाली बसले आणि वर पाहिलं. लाकडाचं कापलेलं तोंड माझ्याकडे होतं. तिथं हळद लागली नव्हती. मोटेचे शिंतोडे उडून ते ओलं झालं होतं, जसं बाबा थुंकीनं करत तसं. आणि त्यात भोकं होती. सुईनं टोचल्यासारखी, मोकळी, आणि त्यांच्या भोवती फिकट, नागमोडी रेघा. धावड्याला भोकं दिसत नाहीत. मग आठवलं, ते लाकूड भासऱ्यांनी गाडीतून एकट्यानं खांद्यावर घेतलं होतं. तेवढ्या जाडीच्या धावड्याला दोन माणसं लागतात. “मस्त वाळलं आहे,” असं ते म्हणाले होते.

मला जे वाटलं ते बेहडा. आणि हे नाव मी मनातसुद्धा घाईनं उच्चारलं. बेहड्यात भूत राहतं असं वऱ्हाडात मानतात. त्याखाली कोणी बसत नाही, त्याचं लाकूड घरात आणत नाहीत, चुलीतही घालत नाहीत. म्हणूनच तर अडचण झाली होती. ज्या झाडावर कोणी कुऱ्हाडच घालत नाही त्याचं आत कसं दिसतं हे कोणाला ठाऊक असणार? झाड सगळ्यांना ओळखू येई, लाकूड कोणालाच नाही. आमच्या चांद्याकडे साहेबांच्या पेट्यांसाठी बेहडा सर्रास चिरत. बाबा म्हणायचे, “हा दिसायला धडधाकट, पण किड्याचं ताट. पावसाळा आला की आतून पीठ होतं.”

आता मी कोणाला सांगू? नवी सून, भातखाऊ, झाडीतली. तिनं सांगावं की तुमच्या विहिरीवर तुम्ही बेहडा चढवलात, हळद लावून, नारळ फोडून? मग गावात काय बोलतील, आणि कोणाबद्दल बोलतील? त्याहून मोठी भीती वेगळी होती. मला खात्री नव्हती. मी चांद्याचा धावडा पाहिलेला, ओलसर जंगलातला. इथं मुरमाच्या टेकडीवर वाढलेल्या धावड्याची घडण वेगळी असू शकत होती. मी बाबांसमोर किती वेळा चुकले होते! एकीकडे वाटे, आपण मूर्ख आहोत. दुसरीकडे रोज सकाळी मालक दोरावर बसायचे आणि मी घरात चाकाची कुरकुर ऐकत हातातलं काम थांबवायची. कुरकुर क्षणभर थांबली, म्हणजे बैल वर फिरले, तरी मी दाराकडे पाही. ताटातली भाकर तशीच राही. त्या भीतीचा थकवा मला आजही आठवतो. अंग दुखत नाही, पण उचलून ठेवावं लागतं.

मोठीबाईनं गोवऱ्या थापताना विचारलं, “काय झालं वं तुले? पोटुशी आहे का?”

“नाई, बाई.”

“मंग? आत्याबाई काई बोलल्या?”

“नाई.”

“मंग मी काय आता देवीले कौल लावू का? सांग न बाप्पा!”

मी सांगितलं. शेणाच्या हातानंच, खाली पाहत. नाव घेतलं तेव्हा तिनं चटकन इकडे तिकडे पाहिलं. मग बराच वेळ ती गोवरी थापत राहिली, तीच ती, पार चपटी होईपर्यंत. मी म्हणत होते की माझं चुकत असेल, मी लहान होते, इकडची लाकडं मला माहीत नाहीत. तिनं ते ऐकलंच नाही. एवढंच विचारलं, “मोडंल का?”

“आज नाई. पण आतून पोकळ होत जाईल. मंग एक दिवस...”

“भाऊजी बसतात त्याच्यावर,” ती म्हणाली, आणि हात धुवायला उठली.

संध्याकाळी जेवणं चालली होती. मी चुलीपाशी, पदर पुढे ओढून. मोठीबाई भासऱ्यांच्या ताटात झुणका वाढत म्हणाली, “ते मोटेवरचं लाकूड उतरवा जी.”

“काहून?”

“मले पटत नाई.”

भासरे हसले. “तुले पटायले ते काय लुगडं आहे का?”

“माह्या बापाच्या मळ्यात असंच होतं, पिवळं. मोडलं. गडी विहिरीत गेला.”

मला माहीत होतं, असं काही झालं नव्हतं. तिनं माझं नाव घेतलं नाही, त्या झाडाचं नाव घेतलं नाही. सगळं आपल्या अंगावर ओढून घेतलं. आत्याबाई तडकल्या, “नारळ फोडला म्या! हळद लावून चढवलेलं लाकूड हंगामात उतरवते कोणी? अवदसा आठवली का?” मामाजी ओसरीवरून खोकत म्हणाले, “भांडू नका वं, गिळू द्या दोन घास.” भासऱ्यांचा आवाज चढला. “मी दुसरं लाकूड आणणार नाई. लोक काय म्हणतील, बायको लाकडं पारखून राह्यली?”

“आणू नका,” मोठीबाई म्हणाली. “माह्या रेंगीचा आख काढा. धावड्याचा आहे, माह्या बापानं पाहून घेतलेला. तो चढवा.”

जत्रा महिन्यावर आली होती. माझे मालक, जे जेवताना कधी मान वर करत नसत, त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. भासरे ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी रागारागानं त्यांनी रेंगीचा आख काढला आणि चढवला. खाली उतरवलेलं लाकूड गोठ्यात वासरांच्या मागे टाकून दिलं. रेंगी पडवीत तोंडावर वाकून उभी राहिली, चाकं भिंतीला टेकवलेली.

रेंगीला नवा आख भासऱ्यांनी आणला नाही. कोणी विचारलं की म्हणत, “तिले लाकूड पटत नाई न, मंग मी कोणतं आणू?” हा राग होता, दुसरं काही नाही; ते मनानं वाईट नव्हते. घरची मोठी गाडी गव्हाच्या पेंढ्या वाहण्यात अडकलेली. आत्याबाईंनी सांगून टाकलं, रेंगी नाही तर जत्रा नाही, सून काय पायी जाणार? रामनवमी आली. आम्ही दोघी त्या दिवशी मिरच्या तोडत होतो. रस्त्यानं जत्रेच्या गाड्या जात होत्या, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, बायकांची गाणी, धूळ. मोठीबाई एकदाही रस्त्याकडे वळली नाही. दुपारी पाणी पिताना फक्त म्हणाली, “आता ते उठली असंल वाटेवरून.”

वैशाखात तिच्या माहेराहून निरोप आला. भासरे आणि ती उन्हातून चालत गेले, पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. परत आली तेव्हा तिचे पाय फोडांनी भरले होते. मी ते कढत पाण्यानं धुतले, हळद लावली. ती म्हणाली, “वहिनी सांगत होती, तीन दिवस बसली होती म्हणे.” बस, एवढंच. मला काही बोलली नाही, तेव्हा नाही आणि त्यानंतरही नाही.

मी मात्र त्या दिवसापासून एका गोष्टीनं खंगत गेले. ते लाकूड खरंच धावडा असलं तर? गोठ्यात ते पडलं होतं, घट्ट, शाबूत, वासरं त्याला अंग घासत. मी रोज शेण काढताना त्याच्याकडे पाही, पण हात लावायची हिंमत होत नसे. ते शाबूतच राहावं की सडावं, मी देवाजवळ काय मागत होते ते सांगायची लाज वाटते. लाकूड सडावं म्हणून नवस करणारी शेतकऱ्याची सून मी एकटीच असेन.

श्रावणात झडी लागली. गोठा झाडताना लाकडाखाली बेसनासारखं पिवळं पीठ दिसलं. झाडून काढलं, दुसऱ्या दिवशी परत. मी मोठीबाईला बोलावलं. ती आली, वाकली, आणि लाकडावर बोट टेकवलं. बोट आत गेलं. तिनं दुसरं बोट घातलं, तेही गेलं. मग ती तिथंच शेणात बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मला वाटलं आईसाठी. असेलही. पण थोड्या वेळानं डोळे पुसत म्हणाली, “मी रोज येऊन पाहत होती वं. तू गेली की येत होती. मले वाटे, हे धड निघालं तं या पोरीचं कसं होईल. हे तं जीव देईल.”

तिला माझी काळजी होती. इतके महिने, आई गेल्यावरसुद्धा, आम्ही दोघी एकमेकींच्या पाठीमागे त्याच लाकडाकडे पाहायला येत होतो.

भासऱ्यांनी ते पाहिलं. पायानं दाबलं, तसं ते मधोमध बसलं. मग बायकोला म्हणाले, “तुह्या बापाच्या मळ्यात गडी विहिरीत गेला, ते मले कोणी कधी सांगितलं नाई.” मोठीबाई म्हणाली, “तुमाले कोण काय सांगते?” त्यांनी एकवार स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, जिथं मी पदर ओढून उभी होते, आणि निघून गेले. दिवाळीच्या आधी रेंगीला नवा आख आला. तो बसवण्याआधी त्यांनी तो अंगणात, स्वयंपाकघराच्या दारासमोर, कापलेलं तोंड आत करून ठेवला, एक तांब्या पाणी त्यावर ओतलं, मोठ्यानं खोकले आणि बाहेर गेले. बोलायचं तर नव्हतंच. मी जाऊन पाहिलं. भोक दिसलं नाही. मोठीबाईला म्हटलं, “शिंगासारखं आहे, बाई.” ती बाहेर जाऊन म्हणाली, “बसवा.” पुढे घरात कुठलंही लाकूड आलं तरी हेच चाले. पाणी, खोकला, आणि “बसवा” किंवा “राहू द्या.” मी दोनदा चुकले असेन. त्यावरून कोणी काही बोललं नाही.

पण मोठीबाई त्या रेंगीत बसून पुन्हा जत्रेला गेली नाही. “आता वाटेवर कोण आहे?” म्हणे. रेंगी मग बाजाराला, लग्नांना, माझ्या बाळंतपणाला दवाखान्यात जायला वापरली. मी मालकांबरोबर कामासाठी आधी अकोल्याला, मग इकडे आले. ती तिथंच राहिली. आता विहिरीवर इंजिन आहे, ते आडवं लाकूड कधीच उतरवलं; पुतण्याला मी सांगून ठेवलं आहे की मोटेवरचा तो जुना आख जाळू नको, आडोशाला ठेव. मोठीबाईचे डोळे गेलेत. मागे गेले होते तेव्हा तिनं माझा हात चाचपला आणि हसून म्हणाली, “बोटं कशी झाली वं तुही, गाठीगाठीची. कोणतं लाकूड म्हणावं हे?”

बाई, तुमचं एक जाणं माझ्याकडे राहिलं आहे. तुमची आई आता वाटेवर नाही हे मला माहीत आहे, आणि तुम्हाला वाट दिसणार नाही हेही. पण मुलगा काहीही म्हणो, गुडघे काहीही म्हणोत, रामनवमीच्या आधी मी इंझोरीला येईन, भाड्याची जीप करीन, आणि तुमच्या वाडीच्या अलीकडे, जिथं सावली नाही, तिथं तुम्हाला उतरवीन. आपण दोघी तिथं बसू. तुम्ही म्हणाल तितका वेळ बसू. कोणी विचारलं तर सांगू, सावलीला बसलोय.